बोलावणं कोणाचं?

दिल्ली, नोएडा, गुडगाव, फरिदाबादच्या चर्चमध्ये उपासना संपल्यावर सूचना सांगतात, त्यात अलीकडे एक नवी सूचना कानावर येते. अमुक महिन्यात तरुणांचा एक गट नेपाळला किंवा केनियाला ‘मिशन ट्रिप’साठी जाणार आहे, इच्छुकांनी नावं द्यावीत. हे ऐकताना माझ्यासारख्या नगरकडच्या ख्रिस्ती घरातून आलेल्या माणसाचा ऊर भरून येतो. आमच्या आज्यापणज्यांच्या काळी मिशन म्हणजे बोटीतून उतरणारी गोरी माणसं. शाळा त्यांच्या, दवाखाना त्यांचा, पगारही त्यांचाच. घेणाऱ्यांच्या रांगेत पिढ्यानपिढ्या उभी राहिलेली मंडळी आज देणाऱ्यांच्या बाजूला येऊन उभी राहते आहे, याचं मोल कमी लेखू नये.

पण या दौऱ्यांची तयारी जवळून पाहिली की मन अस्वस्थ होतं. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये शनिवारी संध्याकाळी मुलं जमतात. गुंडाळलेल्या सतरंज्यांशेजारी एका कोपऱ्यात उघडी सुटकेस आणि वजनकाटा असतो. तेवीस किलोंच्या हद्दीत रंगपेट्या, फुगे, औषधं, जुने पण धुतलेले कपडे आणि सगळ्यांचे एकसारखे टी-शर्ट कसे बसवायचे, याची खटपट चाललेली असते. दुसऱ्या कोपऱ्यात मूकनाट्याची तालीम असते. तिकडची भाषा येत नाही म्हणून शब्द नाहीत, मोबाइलवरच्या संगीताच्या तालावर पाप, क्रूस आणि तारण, सगळं सहा मिनिटांत. वडीलधाऱ्यांपैकी कोणीतरी पासपोर्टच्या प्रती गोळा करत असतं. पूर्व आफ्रिकेला जायचं असेल तर पीतज्वराच्या लशीची आठवण करून दिली जाते, कारण लस घेतल्यावर दहा दिवसांनीच ते प्रमाणपत्र ग्राह्य धरतात, आणि ते नसेल तर परतताना आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. मग सगळे हात धरून प्रार्थना करतात. त्या प्रार्थनेच्या खरेपणाबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

माझी तक्रार आहे ती या तयारीची सुरुवात जिथून होते तिच्याबद्दल. ‘तिथे जाऊन आपण काय करायचं’ या प्रश्नाने बैठक सुरू होते आणि त्याच प्रश्नाने संपते. आपल्याला कोणी बोलावलं? कशासाठी बोलावलं? तिथे पोचल्यावर आपण कोणाच्या हाताखाली? हे तीन प्रश्न बहुतेक वेळा कोणी काढतच नाही. सामान भरायला घेण्याआधी त्यांची उत्तरं मिळालेली असावीत, आणि मिळाली नसतील तर तिकीट काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे मत कोरडं वाटू नये म्हणून दिल्लीतल्याच एका मिशनऱ्याची गोष्ट सांगतो. चार्ल्स फ्रिअर अँड्र्यूज २० मार्च १९०४ रोजी दिल्लीत आले. पुढे आयुष्यभर ते या तारखेला आपला भारतातला वाढदिवस मानत. केंब्रिज मिशनचं काम दिल्लीत १८७७ पासून चालू होतं, आणि १८८१ साली त्या मिशनने सुरू केलेल्या सेंट स्टीफन्स कॉलेजात अँड्र्यूज शिकवायला लागले. कॉलेज तेव्हा काश्मिरी गेटला होतं. ती घुमटवाली इमारत अजून उभी आहे, आज तिथे निवडणूक कार्यालय आहे. आल्याबरोबर त्यांनी उर्दूचा अभ्यास सुरू केला. मौलवी झकाउल्ला या जुन्या दिल्लीच्या वयोवृद्ध विद्वानाशी त्यांची मैत्री जमली. ती इतकी मनापासूनची होती की झकाउल्ला गेल्यावर कितीतरी वर्षांनी अँड्र्यूजनी त्यांचं चरित्र लिहिलं. झकाउल्ला मुसलमान होते आणि मुसलमानच राहिले. अँड्र्यूज त्यांच्याकडे जायचे ते शहाणपण शिकायला.

याहून महत्त्वाची गोष्ट १९०६ सालची. कॉलेजचं प्राचार्यपद रिकामं झालं. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे ते अँड्र्यूजकडे यायचं, कारण ते गोरे होते, केंब्रिजचे होते. त्यांनी ते नाकारलं आणि सुशीलकुमार रुद्र यांच्यासाठी आग्रह धरला. वयाने, अनुभवाने आणि दिल्लीच्या जाणकारीने रुद्र मोठे होते. रुद्र प्राचार्य झाले, या कॉलेजचे पहिले भारतीय प्राचार्य, आणि १९२३ पर्यंत त्या पदावर राहिले. अँड्र्यूज त्यांच्या हाताखाली शिकवत राहिले. इंग्रजांचं राज्य ऐन भरात असताना एक इंग्रज पाद्री रोज सकाळी एका हिंदी माणसाला वरिष्ठ मानून कामावर जात होता. हे वर्षानुवर्षं चाललं. माझ्या मते परदेशी सेवेसाठी यापेक्षा चांगली तयारी दुसरी नाही. इथे वरिष्ठपणा खाली ठेवायची सवय लागली तरच तो तिथे गेल्यावर खाली राहतो.

त्या सवयीची कसोटी लागली १९१३ च्या अखेरीस. दक्षिण आफ्रिकेत गांधींचा सत्याग्रह पेटला होता. नोव्हेंबरात खाणकामगारांचा मोर्चा निघाला, गांधींना अटक झाली, नाताळ प्रांतातल्या मळ्यांवर आणि खाणींवर मजुरांना चाबकाखाली कामाला जुंपलं जात होतं. इकडे गोपाळ कृष्ण गोखले मधुमेहाने खंगलेल्या शरीराने निधी गोळा करत हिंडत होते. गोखले आदल्याच वर्षी, ऑक्टोबर-नोव्हेंबर १९१२ मध्ये, स्वतः आफ्रिकेत जाऊन आले होते. तिथली माणसं, तिथले कायदे, करारातून सुटलेल्या हिंदी मजुरांवरचा तीन पौंडांचा जुलमी कर, सगळं त्यांना मुखोद्गत होतं. अँड्र्यूजनी आपली होती नव्हती ती शिल्लक गोखल्यांच्या निधीसाठी पुढे केली. गोखल्यांना त्यांच्याकडून पैशापेक्षा माणूस हवा होता. त्यांच्या सांगण्यावरून अँड्र्यूज निघाले. सोबतीला विल्यम पिअरसन होते, तेही आधी मिशनमध्ये होते आणि तेव्हा दिल्लीत लाला सुलतानसिंगांच्या मुलाला शिकवत होते.

जानेवारी १९१४ च्या अगदी पहिल्या दिवसांत बोट डर्बनला लागली. धक्क्यावर स्वागताला माणसं आली होती. अँड्र्यूजनी विचारलं, गांधी कुठे आहेत? शेजारीच एक किरकोळ बांध्याचा माणूस उभा होता. डोकं तुळतुळीत केलेलं, अंगावर गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध, मजुरासारखे जाडेभरडे पांढरे कपडे. गोळीबारात मेलेल्या मजुरांचं सुतक पाळत होता तो. अँड्र्यूज वाकले आणि त्यांनी गांधींच्या पायांना हात लावला. गोऱ्या डर्बनमध्ये त्यावरून गहजब झाला. एका गोऱ्या पाद्र्याने एका आशियाई माणसाचे पाय धरावेत, ही कल्पनाच त्या समाजाला सहन होईना. पण ज्याने सात वर्षं रुद्रसाहेबांच्या हाताखाली काढली, त्याला तो नमस्कार जड गेला नसावा. पुढच्या तीन आठवड्यांत गांधी आणि तिथल्या सरकारातले मंत्री जनरल स्मट्स यांच्यात जो तात्पुरता समझोता झाला, त्यात अँड्र्यूजनी मध्यस्थाचं काम केलं. ते काम गांधींचं होतं आणि अँड्र्यूज त्यांच्या मदतीला होते.

या एका प्रवासात माझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं सापडतात. जिथे जायचं तिथल्या लोकांचा लढा चालू होता आणि त्यांना मदत हवी होती, म्हणून बोलावणं आलं. काम ठरवलेलं होतं. आणि तिथे नेता कोण, याबद्दल जाणाऱ्याच्या मनात गोंधळ नव्हता.

गोखल्यांचं नाव इथे केवळ मराठी अभिमानापोटी घेत नाही. जाण्याआधी शिकावं लागतं, हे त्यांनी जितकं नेटाने मांडलं तितकं क्वचितच कोणी मांडलं असेल. १९०५ साली पुण्यात त्यांनी भारत सेवक समाज काढला तेव्हा नव्या सभासदाला पाच वर्षांची उमेदवारी घातली. वाचन, प्रवास, पाहणी, आणि तोवर जाहीर बोलण्याची घाई नाही. १९१५ मध्ये गांधी भारतात परतले तेव्हा, वीस वर्षं परदेशात लढून आलेल्या त्या माणसालाही गोखल्यांनी हीच अट घातली. वर्षभर देश बघा, ऐका, मत देऊ नका. गोखले त्याच फेब्रुवारीत गेले, पण गांधींनी शब्द पाळला. त्या वर्षी दिल्लीला आल्यावर त्यांचा मुक्काम काश्मिरी गेटला रुद्रांच्याच घरी होता. ज्या देशात जन्मलो त्या देशासाठीही वर्षभराचं मौन लागतं, आणि आपण नैरोबीच्या वस्तीत तिसऱ्या दिवशी लोकांना उपदेश करायला उभे राहतो.

महाराष्ट्राला या विषयावर बोलण्याचा अधिकार आणखी एका कारणाने आहे. आपण परदेशी मिशनचं ठिकाण राहिलो आहोत. तयारीने आलेला पाहुणा कसा असतो आणि तयारीविना आलेला कसा, हे या मातीने पाहिलं आहे. थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला आणि त्याचं ख्रिस्तपुराण छापून निघालं १६१६ साली. मधल्या सदतीस वर्षांत तो इंग्रज जेझुइट ओवी इतकी आत्मसात करून बसला की मराठी वाङ्मयाच्या इतिहासाला त्याला वगळता येत नाही. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल न्यूवेल हे अमेरिकन मुंबईत उतरले, हॉल १८१३ मध्ये आणि न्यूवेल १८१४ मध्ये, त्याआधी फिलाडेल्फियात त्यांनी वैद्यकाचा अभ्यास केला होता. आल्यावर मराठी शिकले, शाळा काढल्या, आणि इथेच मरण पावले. हॉल १८२६ मध्ये फिरतीवर असताना पटकीने गेला. या माणसांच्या सगळ्या मतांशी मी सहमत नाही. हिंदू धर्माबद्दल त्या पिढीने जे लिहिलं त्यातलं बरंच अज्ञानाचं आणि अहंकाराचं होतं. पण राहण्याच्या तयारीने ते आले होते, हे त्यांच्या शत्रूलाही मान्य करावं लागेल.

आणि तेवढंही पुरलं नाही, हेही आपल्याच इतिहासात आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, पण आपल्या सदसद्विवेकाचा ताबा तिथल्या मठातल्या भगिनींकडे द्यायला नकार दिला. त्यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात आश्रय देणाऱ्यांची माया आहे आणि हुकूमतही आहे. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला, कारण परक्या पैशावर आणि परक्या पद्धतीवर चालणारी मंडळी आपल्या लोकांची वाटत नाही हे त्यांना सलत होतं. १९१० साली एडिंबरोच्या जागतिक मिशन परिषदेत तेलुगू भागात काम करणाऱ्या अझराया या भारतीय धर्मसेवकाने भर सभेत सांगितलं की तुम्ही आम्हाला पुष्कळ दिलंत, आता मित्र द्या. ज्यांच्या पूर्वजांनी ही मागणी केली त्यांचीच नातवंडं आज सुटकेस भरत आहेत. केनियातली किंवा नेपाळातली मंडळी हीच मागणी आपल्याकडे करत असेल तर ती आपल्या कानी पडते का?

नेपाळचंच घ्या. एनसीआरमधल्या चर्चना सर्वांत जवळचा परदेश तो. आनंद विहारहून बस, सोनौलीला सीमा, आपल्याला व्हिसाही लागत नाही. म्हणूनच तिथे जाणं सोपं वाटतं आणि अभ्यास राहून जातो. नेपाळच्या २०१५ च्या संविधानाने दुसऱ्याचं धर्मांतर करायला बंदी घातली आहे. २०१८ च्या ऑगस्टपासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि परदेशी माणसाला हद्दपारी. हा कायदा मला पटत नाही, श्रद्धा बदलायचं स्वातंत्र्य माणसाला असलंच पाहिजे. तरी दिल्लीची मुलं चौकात मूकनाट्य करून बसमध्ये बसतात, तेव्हा पोलिस मागाहून कोणाच्या दारात येतात? तिथल्या पास्टरच्या. बारा दिवसांच्या उत्साहाचा भुर्दंड दुसऱ्याने भरायचा असेल, तर निदान त्याला आधी विचारलं पाहिजे आणि तो नको म्हणाला तर ऐकलं पाहिजे.

बोलावण्यावर काम कसं उभं राहतं, याचा दाखलाही नेपाळातच आहे. १९४९ मध्ये मसुरीच्या वुडस्टॉक शाळेतले रॉबर्ट फ्लेमिंग पक्षी पाहायला नेपाळच्या डोंगरात गेले. सोबत कार्ल टेलर हे डॉक्टर होते. तानसेनला रोग्यांची रीघ लागली. पुढे नेपाळ सरकारनेच दवाखान्यासाठी बोलावलं, आणि मार्च १९५४ मध्ये नागपुरात आठ मिशन संस्थांनी मिळून युनायटेड मिशन टू नेपाळची स्थापना केली. सरकारशी लेखी करार झाला, अटी मान्य केल्या, तानसेनचं रुग्णालय उभं राहिलं. प्रत्येक संस्थेने आपापला फलक लावायचा मोह सोडला. नागपूरच्या त्या बैठकीची आठवण महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मंडळींनाही फारशी उरलेली नाही, याचं मला वाईट वाटतं.

मुलांच्या बाबतीत तर जास्तच जपावं लागतं. मिशन ट्रिपच्या कार्यक्रमात एक दुपार हमखास अनाथालयाची असते. गाणी, खाऊ, फोटो. नेपाळमधल्या अशा संस्थांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत, हे युनिसेफने वारंवार सांगितलं आहे. पाहुणे येतात, देणग्या येतात, म्हणून गरीब घरांतली मुलं डोंगरातून खाली आणून भरती केली जातात. आपल्या एका दुपारच्या मायेने तो धंदा चालू राहतो. ही दुपार कार्यक्रमातून काढून टाकावी, यावर मी तडजोड करायला तयार नाही.

पैशाचा हिशेब कोणाला आवडत नाही, पण तो मांडायलाच हवा. १९९८ मध्ये मिच वादळाने होंडुरास उद्ध्वस्त केल्यावर उत्तर अमेरिकेतून चर्चचे गट घरं बांधायला गेले. कर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञाने नंतर त्याचा अभ्यास केला. विमानभाडं धरून परदेशी गटांनी बांधलेलं एक घर सुमारे ३० हजार डॉलरला पडलं होतं. स्थानिक संस्थांनी तसंच घर सुमारे दोन हजारांत बांधलं. ज्यांना घरं मिळाली त्यांच्या आयुष्यात, कोणी बांधलं यावरून, फारसा फरक दिसला नाही. आपल्या गटाची तिकिटं काढण्याआधी तिथल्या मंडळीला एकदा विचारून पाहावं, की ही सगळी रक्कम तुम्हाला पाठवली तर तुम्ही काय कराल? उत्तर ऐकायला धीर लागतो.

यावर एक उत्तर मला नेहमी मिळतं, आणि ते हलकं नाही. जाणारी मुलं बदलतात. गुडगावच्या काचेच्या इमारतीत नोकरी करणारी मुलगी पंधरवडाभर नळाला पाणी नसलेल्या गावात राहते आणि परत आल्यावर तिच्या प्रार्थनेत, तिच्या खर्चात फरक पडतो. हे खरं आहे, मी असे बदल पाहिले आहेत. इव्हान इलिच हे कॅथलिक धर्मगुरू १९६८ मध्ये मेक्सिकोत सेवा करायला निघालेल्या अमेरिकन स्वयंसेवकांसमोर उभे राहिले आणि तुमचे सद्हेतू घेऊन येऊ नका असं त्यांनी तोंडावर सांगितलं. बघायला या, शिकायला या, मदत करायला येऊ नका, हा त्यांचा आशय. मी इलिच यांच्याइतका टोकाला जात नाही. माणसांनी माणसांकडे जायलाच हवं, पैशाच्या हस्तांतराने मंडळीमंडळींत नातं जुळत नाही. पण इलिच यांच्या म्हणण्यातली अर्धी गोष्ट घेतली तर आपला प्रश्न सुटतो. आपण शिकायला जात असू तर तसं म्हणून जावं. मग टी-शर्ट लागत नाहीत, मूकनाट्य लागत नाही. तिथल्या घरी जे शिजेल ते खायचं, त्यांच्या उपासनेत मागच्या बाकावर बसायचं, त्यांचा पाळक सांगेल ते काम करायचं, काही नाही सांगितलं तर गप्प राहायचं. देणगीदारांना लिहायच्या पत्रातही तेच लिहायचं. ‘आम्ही सेवा करायला जातो’ असं सांगून गोळा केलेल्या पैशांतून स्वतःचं शिक्षण करून घेणं मला अप्रामाणिक वाटतं.

आणि जिच्या बदलण्याबद्दल आपण बोलतो, त्या मुलीची परीक्षा दिल्लीतच घेता येते. एनसीआरमध्ये परदेश शोधायला विमान लागत नाही. कालिंदी कुंजजवळ म्यानमारचे रोहिंग्या राहतात, विकासपुरीच्या बाजूला त्याच देशातले चिन ख्रिस्ती, लाजपतनगर-भोगलच्या गल्ल्यांत अफगाण, आणि ठिकठिकाणी शिकायला आलेले आफ्रिकन विद्यार्थी, ज्यांना घर भाड्याने देताना आपले लोक नाक मुरडतात. केनियाला जाणाऱ्या गटातल्या किती जणांच्या घरी दिल्लीतला एक तरी आफ्रिकन विद्यार्थी जेवायला आला आहे? मी पाळक असतो तर सहा महिने हीच तयारी करून घेतली असती. आठवड्यातली एक संध्याकाळ त्यांच्या उपासनेला, त्यांच्या भाषेतली गाणी त्यांच्याकडून शिकायला. ज्याला हे कंटाळवाणं वाटेल त्याचं नाव यादीतून आपोआप गळेल.

तयारीचा शेवटचा भाग परतीनंतरचा आहे. अँड्र्यूज आणि पिअरसन १९१५ मध्ये गिरमिटिया मजुरांची स्थिती पाहायला फिजीला गेले. तोवर तोताराम सनाढ्य तिथे एकवीस वर्षं काढून परतले होते आणि त्यांचं पुस्तक १९१४ मध्ये हिंदीत निघालं होतं. जॉन बर्टन या तिथल्याच मेथडिस्ट मिशनऱ्याने १९१० मध्ये मळ्यांवरचे हाल छापून मांडले होते. म्हणजे सोसणाऱ्यांनी आणि पाहणाऱ्यांनी आधीच सांगितलं होतं, अँड्र्यूजनी त्यावर स्वतःच्या चौकशीची मोहोर उठवली. मजुरांच्या चाळींत ते हिंडले, मळेवाल्यांनाही भेटले, शंभर पुरुषांमागे चाळीस बायका नेण्याच्या नियमाने काय अनर्थ केला ते त्यांनी लिहिलं. फेब्रुवारी १९१६ मध्ये अहवाल तयार झाला आणि मार्चमध्ये मदनमोहन मालवीयांनी कायदेमंडळात गिरमिट बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारने तो मान्य केला, अंमलबजावणी मात्र रेंगाळली. म्हणून अँड्र्यूज १९१७ मध्ये पुन्हा फिजीला गेले, दिलेल्या शब्दांपैकी किती पाळले गेले ते पाहायला. उरलेले करार रद्द झाले १ जानेवारी १९२० रोजी. आपल्या गटानेही पहिल्याच बैठकीत, सुटकेसचं वजन करण्याआधी, दुसऱ्या खेपेची तारीख फळ्यावर लिहावी, आणि त्या तारखेला कोण जाणार त्याचं नावही.